पिल्लू नाही, पण पान्हा फुटलाय

भादवा लागला की गल्लीतल्या कुत्र्या माजावर येतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, आमच्याकडे एकाच तऱ्हेची पत्रं जमू लागतात. कुत्री कुत्र्याला लागली नव्हती, तरी सड भरलेत, कोपरे उकरते, कुणाला जवळ येऊ देत नाही. घरात पाळलेल्या जातिवंत कुत्र्यांना ऋतूचं बंधन फारसं नसतं, त्यामुळे अशी विचारणा वर्षभर तुरळक चालूच असते. या वेळी या खोट्या गाभणीवरची निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर राणी चौदा महिन्यांची, वजन 24 किलो. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा माजावर आली होती. त्या दिवसांत साखळीशिवाय एकदाही बाहेर सोडली नाही. आता पलंगाखाली गोधडी ओढून नेते आणि उकरत बसते. मुलाचा रबरी चेंडू आणि एक मोजा पोटाशी घेऊन झोपते, जवळ गेलं की गुरगुरते. खाणं निम्म्यावर आलंय. सड दाबून पाहिला तर चक्क दूध! सासूबाई म्हणतात गाभणच आहे. त्यांनी डिंकाचे लाडू, दूध आणि शतावरी सुरू केली आहे. दूध साचून गाठ होऊ नये म्हणून मी रोज थोडं पिळून काढते. बरोबर करतेय ना?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : पिळणं आजपासून बंद करा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

गाय आटवताना आपण काय करतो? धार काढणं थांबवतो. कास दोन-चार दिवस तटतटते, आत दाब वाढतो आणि त्या दाबानेच दूध बनणं मंदावतं. कुत्रीचंही तसंच आहे. तुम्ही रोज पिळता तेव्हा तिच्या शरीराला एकच निरोप जातो, की पिल्लू पितंय, अजून दूध बनव. तेल-हळद लावून चोळणं, गरम पाण्याने शेकणं यांनीही हेच होतं. कापूर तर लावूच नका. तो चाटण्यात गेला तर कुत्र्याला विषबाधा होते.

आता हे घडलं कसं ते. गाय गाभण राहिली नाही की साधारण 21 दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, कारण गर्भाशय रिकामं आहे हे कळताच तिच्या बीजांडावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) विरून जातो. कुत्रीच्या शरीरात ही सोय नाही. माज ओसरल्यावर तिचा पीतपिंड पोटात पिल्लं असोत-नसोत जवळपास दोन महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभणपण टिकवणारं संप्रेरक, बनवत राहतो. रिकाम्या कुत्रीचं शरीरही दोन महिने गाभणासारखंच चालतं. मग प्रोजेस्टेरॉन उतरतं, प्रोलॅक्टिन चढतं, आणि प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणि आईपण दोन्ही. याला आभासी गर्भधारणा किंवा खोटी गाभण म्हणतात. बहुतेक कुत्र्यांत हा उतारचढाव कळतही नाही, काहींत राणीसारखा उघड दिसतो. माजानंतर सहा ते नऊ आठवड्यांच्या आसपास तो दिसतो आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. तुमची दोन महिन्यांची मोजणी यात चपखल बसते. लांडग्यांच्या कळपात एका मादीची पिल्लं दुसरीने पाजावीत म्हणून ही रचना टिकली असावी, असं अभ्यासक मानतात. सासूबाईंचा अंदाज चुकला खरा, पण राणीच्या शरीरानेही तोच अंदाज बांधलाय.

लाडू बंद. डिंकाच्या लाडवात बेदाणे-मनुके असतील तर ते वेगळंच संकट आहे, कुत्र्याची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात. शतावरी आपण बाळंतिणीला कशासाठी देतो ते आठवा आणि डबा परत फडताळात ठेवा. वरचं दूध, अंडी, मटणाचं सूप हेही दूध आटेपर्यंत नको. रोजचं खाणं चार-पाच दिवस पाऊण करा. उपाशी मात्र ठेवू नका. पाणी कधीच तोडू नका. पाणी कमी केलं की दूध आटतं, हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो जिवावर बेतेल, आणि हिवाळ्यातही त्याची गरज नाही.

चेंडू आणि मोजा ही तिच्या लेखी पिल्लं आहेत. तिच्या देखत हिसकावून घेऊ नका, एरवी गरीब असलेली कुत्री या दिवसांत चावते. मुलाला तर पलंगाखाली हात घालूच देऊ नका. ती फिरायला गेली की घरातल्या दुसऱ्याने आधी एक वस्तू उचलावी, दोन दिवसांनी दुसरी. गोधडी काढून पलंगाखालची जागा ट्रंक किंवा खुर्ची लावून बंद करा आणि झोपायची जागा माणसांच्या वावरात, उजेडात द्या. चेंडू गेल्यावर ती रात्रभर कण्हत हिंडू लागली तर तो परत द्या आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. इथे हट्टाने काही साधत नाही. सकाळ-संध्याकाळ नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त चालवा. नवा रस्ता, नवे वास मिळाले की तेवढा वेळ ती आई असल्याचं विसरते. उन्हाळ्यात हाच प्रसंग आला तर सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावरच बाहेर काढा.

ती स्वतः सड चाटत असेल तर ते पिळण्यासारखंच आहे. जुना सुती टी-शर्ट घ्या. गळ्यातून डोकं, बाह्यांतून पुढचे पाय, आणि खालचा घोळ पाठीवर गोळा करून रबर बँड न लावता कापडाचीच सैल गाठ मारा. मागचे सड झाकले जातील एवढी लांबी हवी, कारण दूध सगळ्यात जास्त मागच्या जोड्यांतच उतरतं. टी-शर्ट ओला झाला की बदला. तो फाडून चाटत असेल तर दवाखान्यात मिळणारी प्लास्टिकची कॉलर घाला, जेवताना काढा. सड फारच तटतटले तर माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं नुसतं टेकवून ठेवा, घासू नका.

दिवसातून एकदा लांबूनच सडांकडे नजर टाका. दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या, पांढरट किंवा पिवळसर पाण्यासारखा थेंब, हे ठीक. एकच सड दगडासारखा घट्ट, गरम, लालसर-जांभळा झाला, हात लावताच ती कळवळली, दुधात रक्त किंवा पू दिसला, तर ती कासदाह आहे आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा. ताप पाहताना एक ध्यानात ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. माणसाच्या मापाने पाहिलंत तर धडधाकट कुत्रीलाही ताप वाटेल. 103 च्या वर गेलं तर मात्र थांबू नका.

प्रश्न : आमची कारवान जातीची कुत्री शेतावरच असते. माजात असताना दोन दिवस सुटली होती, लागली की नाही कुणी पाहिलं नाही. 35 दिवस झालेत, पोट भरल्यासारखं दिसतं. मेडिकलमधलं प्रेग्नन्सी किट वापरून पाहिलं, काहीच आलं नाही. म्हणजे खोटी गाभण समजावी का?
– एक शेतकरी वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : ते किट बायकांच्या लघवीतलं एचसीजी, म्हणजे गरोदरपणातलं संप्रेरक, शोधतं. कुत्री गाभण असली तरी ते तिच्या शरीरात तयार होत नाही, त्यामुळे त्या कोऱ्या पट्टीला काही अर्थ नाही. पोटाकडे आणि सडांकडे पाहूनही भेद करता येणार नाही, दोन्हींत ते सारखेच दिसतात.

सोनोग्राफी साधारण 28 दिवसांनंतर खात्रीने सांगते आणि पिल्लांच्या हृदयाचे ठोकेही दाखवते. तुमचे 35 झालेत, म्हणजे वेळ योग्य आहे. एक्स-रेमध्ये पिल्लांची हाडं साधारण 45 दिवसांनंतर उमटतात. पिल्लं मोजायची असतील तर 55 दिवसांनंतर काढा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यात कुत्र्याची सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते ते आधी फोन करून विचारा आणि मगच जीप काढा. तपासणी होईपर्यंत दूध आटवायचं कुठलंही औषध देऊ नका. पिल्लं असली तर त्याच औषधाने ती पडतील. खाणंही कमी करू नका.

आणि तारीख लिहून ठेवत जा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडता, तिथेच माजाचं पहिलं रक्त दिसलं तो दिवस मांडा. कुठल्याही डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.

प्रश्न : जर्मन शेफर्ड, दीड वर्षाची, 20 किलो. दूध आलं म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याने कॅबरगोलिनची 0.5 मिलिग्रॅमची गोळी दिली. अर्धी दिली तर दोनदा उलटी झाली. उलटीसाठी डोमपेरिडोन दिलं. चार दिवस दोन्ही चालू आहेत, दूध तसंच!
– एक वाचक, लातूर

उत्तर : औषध योग्य निवडलं गेलं, माप चुकलं आणि वर त्याचा शत्रू पाजला गेला.

आधी माप. कुत्रीला कॅबरगोलिन किलोमागे 5 मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदा, चार ते सहा दिवस असं दिलं जातं. 20 किलोला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.1 मिलिग्रॅम. तुमची अख्खी गोळी 0.5 मिलिग्रॅमची, म्हणजे तिचे पाच दिवस एका गोळीत. अर्धी दिलीत तेव्हा अडीच दिवसांचा डोस एकदम गेला. माणसाची ती गोळी आठवड्यातून एक-दोनदाच घ्यायची असते, म्हणून ती एवढी मोठी. ब्लेडने पाच सारखे तुकडे होत नाहीत, चुरा होतो. डॉक्टर ती पातळ करून किंवा पुड्या बांधून देतात. खाल्ल्यानंतर दिली की उलटीही कमी होते.

आता शत्रू. कॅबरगोलिन डोपामाइन या मेंदूतल्या रसायनासारखं वागून प्रोलॅक्टिन दाबतं. डोमपेरिडोन नेमकं डोपामाइनच अडवतं, त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढतं. बाळंतिणीला दूध कमी पडलं तर काही डॉक्टर ते त्यासाठीच देतात. म्हणजे एका हाताने नळ बंद, दुसऱ्याने चालू. मेटोक्लोप्रामाइड या उलटीच्या दुसऱ्या औषधाचंही तेच. घरोघरी औषधाच्या डब्यात ही दोन्ही असतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. खोट्या गाभणीतल्या कुत्रीला उलटीसाठी यांतलं काहीही देऊ नका. उलटी थांबवायचीच असेल तर डॉक्टर मॅरोपिटंट देतील, त्याचा दुधाशी संबंध नाही.

आज दोन्ही गोळ्या थांबवा आणि डॉक्टरांना आतापर्यंत काय, किती दिलं ते खरं सांगा, अगदी रिकामी पाकिटं घेऊन जा. औषध सगळ्यांना लागतही नाही. दूध तीन आठवड्यांनंतरही आटलं नाही, ती खायनाशी झाली किंवा घरच्यांवर धावून जायला लागली, तरच ते द्यावं. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देण्याचा मोह होईल, तोही टाळा. कुत्र्याच्या जठरात त्याने व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात.

प्रश्न : पाच आठवड्यांपूर्वी माज संपला. पॉमेरेनियन आहे, चार वर्षांची. दोन दिवसांपासून सारखी पाणी पिते, सारखी मुतते, सुस्त पडून असते, मागून तपकिरी चिकट स्राव. सड थोडे सुजलेत. शेजारी म्हणतात खोटी गाभण, आपोआप जाईल.
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : अंक छापून यायची वाट न पाहता या वाचकांना उत्तर कळवलं आहे. ते सगळ्यांसाठी इथे देतो. हे आपोआप जाणार नाही. ही गर्भाशयात पू झाल्याची, पायोमेट्राची लक्षणं आहेत. हा आजारही माजानंतर दोन ते आठ आठवड्यांतच गाठतो, म्हणून खोट्या गाभणीच्या नावाखाली तो लपून राहतो.

फरक असा ओळखा. खोट्या गाभणीतली कुत्री बेचैन, उकरणारी, काहीतरी सांभाळणारी असते. पू झालेली कुत्री पडून असते आणि तिची तहान वाढलेली असते. वाटी दिवसातून दोनदा भरत होतात आणि आता पाचदा भरावी लागते, हा इशारा पुरेसा आहे. स्राव दिसला तर निदान सोपं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव येतच नाही, नुसतं पोट फुगतं, आणि तो प्रकार जास्त घातक. ताप असेलच असं नाही. सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि बहुधा त्याच दिवशी शस्त्रक्रिया. वयाने मोठ्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं, पण तरुण कुत्रीलाही होतं, विशेषतः माज थांबवायची इंजेक्शनं दिलेली असतील तर. ती इंजेक्शनं स्वस्त आणि सोयीची वाटतात. आमचं मत विचाराल तर देऊच नयेत.

प्रश्न : दर माजानंतर असंच होतं. एकदा पिल्लं होऊ दिली की ही सवय जाते म्हणतात, खरं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : नाही. पिल्लं झालेल्या कुत्रीलाही पुढच्या माजानंतर हेच होऊ शकतं. सहा-आठ पिल्लांना घरं शोधायची तयारी असेल आणि पिल्लं हवीच असतील तर तो वेगळा निर्णय आहे, औषध म्हणून नको.

प्रश्न : मग नसबंदीचं ऑपरेशन करून टाकावं म्हणतो. सध्या दूध आहे, डॉक्टर पुढच्या आठवड्यात मोकळे आहेत. करू का?
– एक वाचक, बीड

उत्तर : ऑपरेशनचा निर्णय चांगला, आठवडा चुकीचा. बीजांडं काढली की उरलंसुरलं प्रोजेस्टेरॉन एकदम शून्यावर येतं आणि प्रोलॅक्टिन आणखी उसळी घेतं. अशा कुत्र्यांत दूध आणि आईपणाचं वागणं महिनोन् महिने रेंगाळलेलं दिसतं, आणि मग घरचे म्हणतात की ऑपरेशन करूनही काही उपयोग झाला नाही. शिवाय पोटाचा छेद मध्यरेषेवरून, दोन्ही बाजूंच्या भरलेल्या सडांमधून जातो. रक्त जास्त येतं, दूध जखमेत झिरपतं.

दूध पूर्ण आटू द्या. माज सुरू झाल्यापासून तीन ते चार महिन्यांनी, म्हणजे दोन माजांच्या साधारण मधोमध, करा. कुत्री सहसा सहा-सात महिन्यांनी पुन्हा माजावर येते, त्यामुळे ही खिडकी फार मोठी नसते. तारीख डॉक्टरांकडे आत्ताच मागून ठेवा. त्या सकाळी सड दाबून पाहू नका, ते डॉक्टरांना पाहू द्या. टाके दहा ते चौदा दिवस कोरडे ठेवायचे, चाटू द्यायचे नाहीत, तोच टी-शर्ट इथेही कामाला येतो. एवढं करून, ऑपरेशननंतरही अनेक महिने दूध दिसत राहिलं तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंद असलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं.

प्रश्न : वाड्यावरच्या गावठी कुत्रीला खोटी गाभण झाली आहे. रस्त्यावर एक कुत्री गाडीखाली गेली, तिची दहा दिवसांची तीन पिल्लं आम्ही आणली आहेत. ही त्यांना पाजेल का? ती सध्या शेळीच्या करडालाच चाटत बसते.
– एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : पाजू शकते, तिचं दूध खरं दूधच आहे. घाई करू नका. पिल्लांना आधी तिच्या गोणपाटावर अर्धा तास लोळू द्या म्हणजे तिचा वास लागेल. मग एकच पिल्लू हातात धरून तिच्यापुढे न्या. तिने चाटलं तर सडाला लावा, गुरगुरली तर उचला आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. पहिला दिवस त्यांना तिच्यापाशी एकटं सोडू नका. तिन्ही पिल्लं रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. दहा दिवसांचं पिल्लू रोज वाढायलाच हवं. सलग दोन दिवस काटा हलला नाही तर दूध पुरत नाही असं समजून पिल्लांच्या पावडरीचं दूध बाटलीने जोडा. गाईचं दूध त्यांना पातळ पडतं.

पाजायला लागली की वर नांदेडच्या वाचकांना खाण्यातलं जे जे बंद करायला सांगितलं, ते तिला सुरू करा. भाकरी-अंडी भरपूर आणि पाण्याची पाटी कायम भरलेली. लाडू मात्र तिलाही नकोत. करडाला दुसऱ्या दावणीला बांधा, नाहीतर तिन्ही पिल्लं उपाशी राहतील आणि ही करडाच्या मागे जाईल.